मागावरच्या कापडाचा माग कसा ठेवायचा

कोल्हापुरात शर्ट-कुर्ते शिवून स्वतःच्या नावानं विकणाऱ्याला कापडासाठी लांब जावं लागत नाही. सूत, सायझिंग (विणण्याआधी सुताला कांजी लावणं), यंत्रमाग, प्रोसेस (विणलेलं कापड धुणं, ब्लीच करणं, रंगवणं) असं सगळं इचलकरंजीच्या पट्ट्यात आहे. तरीही ‘हे कापड विणलं कुणी, रंगवलं कुठं?’ असं गिऱ्हाइकानं विचारलं की बहुतेक दुकानदार व्यापाऱ्याचं नाव सांगून मोकळे होतात. पुढं जायचं असेल तर एकच गोष्ट सांभाळायची: लॉट नंबर, म्हणजे मालाच्या एका खेपेचा क्रमांक. तो सुताच्या कोनापासून (सूत गुंडाळलेल्या शंकूपासून) शर्टाच्या आतल्या लेबलापर्यंत तुटता कामा नये.

प्रत्येक लॉटला वहीत एक पान द्या. आधी सूत. कोनावरच्या स्टिकरवर गिरणीचं नाव, काउंट (सूत किती बारीक त्याचा आकडा) आणि लॉट असतो. त्याचा फोटो आणि सुताच्या बिलाची प्रत पानाला लावा. नवखे इथंच फसतात. आपल्याकडचे बरेच यंत्रमागधारक खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, त्यांना मिळते ती पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांवर) मजुरी. म्हणून सुताचं बिल व्यापाऱ्याकडं मागा आणि बीमचा (मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांच्या रुळाचा) नंबर मागवाल्याकडं. एकालाच दोन्ही विचारलं तर तो अंदाजानं सांगणार.

कोरा माल (मागावरून उतरलेलं, प्रोसेस न झालेलं कापड) आला की क्वालिटी तपासा. ‘40×40 / 92×88’ म्हणजे ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) दोन्ही 40 काउंटचे, इंचात 92 ताणे आणि 88 पिक. पिकग्लास (धागे मोजायचं भिंग) ठेवून ताक्यात, म्हणजे कापडाच्या थानात, तीन ठिकाणी मोजा. पिक आधी मोजा, कारण काटकसर तिथंच होते: चार पिक कमी पडले की सूतही वाचतं, मजुरीही. ही मोजणी कोऱ्यावरच करा. प्रोसेसमध्ये पन्हा आकसतो, इंचातले ताणे वाढतात आणि आकडे जुळेनासे होतात.

वजनासाठी 10 बाय 10 सेंटिमीटरचे पाच तुकडे कापा, किनारीपासून दूर. तुकड्याच्या ग्रॅमला 100 नं गुणलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम. 1.2 ग्रॅम भरला तर 120. तयार कापडाचा तुकडा वजन करून, गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोला. वजन बरंच उतरलं तर तेवढी कांजी तुम्ही कापडाच्या भावानं घेतली.

सुती आहे का, हे सूत जाळून बघतात. कापूस कागदासारखा जळतो, राख मऊ आणि करडी. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पण व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) कापसासारखंच जळतं, आणि मिश्रणाची टक्केवारी काडेपेटीनं कळत नाही. लेबलवर आकडा छापायचा तर प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवाच.

माग तुटतो तो प्रोसेसमध्ये. वेगवेगळ्या पार्ट्यांचे ताके टोकाला टोक शिवून एकत्र चालवले जातात. खडूनं किंवा साध्या शाईनं घातलेला नंबर कांजी काढताना आणि ब्लीचमध्ये धुऊन जातो. मग कुणाचा ताका कुणाकडं गेला, ते सांगता येत नाही. म्हणून माल पाठवण्याआधी प्रत्येक ताक्याच्या दोन्ही टोकांना पॉलिस्टर दोऱ्यानं नंबर शिवा. तो ब्लीचमध्ये टिकतो. चलनावर ताकेवार मीटर लिहा आणि परत आल्यावर पुन्हा मोजा. सुती माल थोडा आकसून येणं साहजिक आहे. 100 मीटर कोऱ्याचे 102 झाले तर आनंदू नका, कापड ओढलंय आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी आटणार आहे. 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून धुवा. 48 झाला तर आटणं 4 टक्के. प्रोसेसवाल्याकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची प्रत घ्या आणि मुदत वाचा. पंचगंगेच्या काठी राहून हा कागद मागायला संकोच नको.

शिलाईच्या पानावर मुख्य युनिटचा पत्ता पुरत नाही. कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री हे कुठं कुठं झालं ते लिहा. काज-बटण बहुधा घरोघरी जातं आणि कागदावरून गायब होतं. दर तपासायची रीत सोपी आहे. समजा नगाला 3 रुपये, आणि आठ तासांत निवांत 60 नग होतात. म्हणजे दिवसाचे 180. हा आकडा चालू किमान वेतनाशेजारी ठेवला की दर बरोबर की चूक ते दिसतं. आणि पत्ते का लिहायचे, तेही ऐका. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली. तिथं कोणत्या ब्रँडचं काम चालू होतं, हे ठरवायला ढिगाऱ्यातली लेबलं शोधावी लागली.

लेबलवर धाग्याचं प्रमाण, धुण्याची सूचना आणि लॉट नंबर घाला. वजनमापाच्या नियमांनुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावरही उत्पादकाचं किंवा ब्रँडमालकाचं नाव, ग्राहकसेवेचा फोन व ईमेल, सेंटिमीटरमधलं माप आणि एमआरपी लागते. शब्द जपून वापरा. खादी मार्कशिवाय ‘खादी’ म्हणू नका. यंत्रमागाच्या कापडाला ‘हातमाग’ म्हणणं तर सरळ फसवणूक. त्यासाठी 2006 पासून हँडलूम मार्क आहे. ‘सेंद्रिय’ची गंमत वेगळी. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकात ‘ऑरगॅनिक’ म्हणायला 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’साठी 70. गिरणी दाखवते ते स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे तिला असा माल करायची परवानगी आहे एवढंच. तुमच्या लॉटचा पुरावा ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. ते नसेल तर नुसतं ‘सुती’ लिहा.

प्रत्येक पानावर कोऱ्या आणि तयार कापडाचा तळहाताएवढा तुकडा टाचा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावेच लागतात. ही वही त्यांच्याच शेजारी ठेवा. कधी रंग सुटल्याची तक्रार आली, तर लेबलवरचा नंबर बघून त्या पानावरचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर दहा वेळा घासा. डाग पडला तर त्या लॉटचे उरलेले शर्ट आधी रॅकवरून उतरवा, मग प्रोसेसवाल्याला फोन लावा.