महिन्याच्या वाणसामानाची यादी आणि रोजचे सकस जेवण

घरात चांगले खाण्याचा विषय निघाला, की बोलणे बहुधा ताटापासून सुरू होते. भात बंद करावा का, रात्रीचे जेवण सोडावे का, पोळीऐवजी भाकरी खावी का, अशा प्रश्नांवर घरोघरी वाद होतात आणि आठवड्याभरात ते मिटूनही जातात. ताटावर बसल्यानंतर घेतलेला निर्णय टिकत नाही, कारण तोवर भूक लागलेली असते, स्वयंपाक झालेला असतो आणि फडताळात जे आहे त्यातूनच तो झालेला असतो. कुटुंबाने काय खायचे हे खऱ्या अर्थाने ठरते ते महिन्याच्या सुरुवातीला, वाण्याकडे द्यायची यादी लिहिताना. म्हणून ज्यांना रोजचे जेवण सुधारायचे आहे त्यांनी आधी मागच्या महिन्याची यादी समोर घ्यावी आणि शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी तीत सुचवलेले प्रमाण असे आहे: तृणधान्ये 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्याबरोबर अंडी, मासे, मटण) मिळून 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व सुकामेवा 35 ग्रॅम, तेल-तूप मिळून 27 ग्रॅम, आणि दूध किंवा दही 300 मिलिलिटर. धान्य-डाळींची ही वजने कच्च्या मालाची आहेत, आणि म्हणूनच ती यादीशी थेट ताडून पाहता येतात.

चार प्रौढ माणसांच्या घराला तीस दिवसांचा हिशोब मांडला, तर तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, पोहे आणि रवा सगळे मिळून 30 किलो होतात, आणि शाकाहारी घरात डाळी-कडधान्ये 10 किलोंच्या थोडी वर जातात. म्हणजे तीन भाग धान्याला एक भाग डाळ. आपल्या अनेक घरांच्या यादीत धान्य याहून जास्त असते आणि तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक किलो, मटकी-चवळी अर्धा-अर्धा किलो यापुढे आकडा जात नाही. पोट भरते, पण ते पोळी-भाताने भरते. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी जेवणात नवीन पदार्थ आणण्याची फारशी गरज नाही. जे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ताटात आहेत त्यांचे आपसातले प्रमाण बदलण्याची गरज आहे.

हे प्रमाण केवळ जाड माणसांनीच सांभाळायचे असते असा समज आहे, तो दूर व्हायला हवा. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही 22.3 असाच होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांमध्ये स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त असण्याची शक्यता मोठी असते. वजनकाट्यावर समाधान मानण्यापेक्षा शिंप्याच्या टेपने कंबर मोजावी. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर वजन योग्य असले तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

कडधान्यांचा डबा भरलेला ठेवणे

यादीत पहिला बदल इथेच करावा. तूरडाळीचे प्रमाण वाढवण्यापेक्षा मूग, मटकी, चवळी, हरभरे, मसूर, वाल, हुलगे अशी सहा-सात कडधान्ये थोडी थोडी आणावीत, म्हणजे आठवड्याचे वार लावता येतात आणि एकाच चवीचा कंटाळा येत नाही. डाळ किती घालायची याचा अंदाज आपण डोळ्यांनी घेतो आणि तो नेहमी कमी भरतो. एकदाच घरातल्या काट्यावर माणशी 40 ग्रॅम डाळ तोलून ती कोणत्या वाटीत कुठवर येते ते पाहून ठेवावे. ते एका वेळेचे माप झाले. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिने असतात, परंतु मूठभर डाळीत तांब्याभर पाणी ओतून केलेल्या आमटीच्या वाटीत त्यातली जेमतेम चार-पाच ग्रॅमच उतरतात. आमटी पातळच आवडत असेल तर ती तशी करावी, पण त्याच जेवणात उसळ, पिठले किंवा झुणका असावा. वरण मात्र घट्टच करावे.

मोड आणण्याची कला घराघरात असते, तरी नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी आणि परगावी एकट्याने राहणाऱ्यांसाठी ती नीट सांगतो. मूग किंवा मटकी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, तिप्पट पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी ते पाणी टाकून द्यावे, कडधान्य पुन्हा धुवावे, चाळणीत पूर्ण निथळू द्यावे आणि स्वच्छ ओल्या फडक्यात सैलसर बांधून झाकून ठेवावे. पाणी नीट निथळले नाही तर मोड येण्याआधी बुळबुळीतपणा येतो आणि वास सुटतो. मोड बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड दिसतात, तर पुण्या-नाशिकच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो आणि पुरचुंडी बंद डब्यात किंवा पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवावी लागते. हरभरा आणि वाल यांना यापेक्षा जास्त वेळ द्यावा. कडव्या वालांना मोड आले, की ते कोमट पाण्यात घालावेत. साले बोटांनी सहज सुटतात आणि बिरड्याचे डाळिंब तयार होते.

मोड आल्याने कडधान्यातील लोह आणि जस्त अडवून ठेवणारे घटक कमी होतात आणि कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. मात्र उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात, म्हणून कच्चे मोड खाण्याचा आग्रह धरू नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना तर ते शिजवूनच द्यावेत. पटकन शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय सोडावी, कारण त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. ज्यांना उसळीने पोट फुगते, त्यांनी आधी मूग आणि मसूर यांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांनी चवळी, हरभऱ्याकडे वळावे, भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि फोडणीत हिंग-ओवा घालावा. आतड्यांना सवय व्हायला वेळ लागतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. उसळ मापात केली आणि वाढणारी बाई सर्वांत शेवटी बसली, तर तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा येतो. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या घरात सगळे एकत्र जेवायला बसत नाहीत, तिथे वाढायला घेण्यापूर्वी तिची वाटी भरून बाजूला झाकून ठेवावी, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आठवणीने करावे.

तेल, मीठ आणि साखर

या तिन्ही गोष्टी ताटात मोजता येत नाहीत, पण महिन्याच्या यादीत अगदी नेमक्या मोजता येतात. माणशी 27 ग्रॅमच्या हिशोबाने चार माणसांना महिन्याला सुमारे साडेतीन लिटर तेल पुरायला हवे, आणि साजूक तूप व लोणी आणत असाल तर ते त्यातूनच वजा करायला हवे. पाच लिटरचा कॅन महिनाअखेरीपूर्वीच रिकामा होत असेल, तर फोडणीची पळी बदलून छोटा चमचा ठेवणे हा साधा उपाय आहे. तळणाचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट लहान चमचाभर. चार माणसांचा महिन्याचा हिशोब 600 ग्रॅम होतो आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, पाव, चटणी या सगळ्यांतले मीठ धरलेले आहे. एक किलोची पिशवी दीड महिन्याहून अधिक चालायला हवी, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आपल्याकडे पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर वाढायची पद्धत आहे. त्यातले मीठ तेवढे वाढू नये आणि लिंबाची फोड व कोशिंबीर मोठी करावी. आंबट चव असली की मीठ कमी पडल्याचे जिभेला फारसे जाणवत नाही. कोशिंबिरीतही मीठ आधी घालून ठेवू नये.

साखरेची बाब चहाशी निगडित आहे. याच संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत राहिली तर उत्तम, आणि दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले, की हा वाटा बिस्किटाला हात लावण्याआधीच संपतो. गूळ घातला तरी हिशोब तोच राहतो. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा साखर कमी करावी. एवढा फरक जिभेला कळत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, कारण चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही. याउलट उसळीवर किंवा पालेभाजीवर पिळलेले लिंबू ते शोषायला मदत करते.

भाजी, न्याहारी आणि उपवास

भाजी मात्र वाण्याच्या यादीत नसते, तिची यादी आठवडी बाजारासाठी वेगळी करावी. माणशी 400 ग्रॅम म्हणजे चौघांना रोज दीड किलोहून जास्त भाजी, आणि ती दोन पोळ्यांना तोंडीलावणे म्हणून कधीच संपणार नाही. पोळ्यांइतकीच भाजी वाढली, दोन्ही वेळा कोशिंबीर केली आणि आमटीत शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा किंवा चाकवत घातला, तरच हा आकडा गाठता येतो. मेथी, शेपू, माठ, अंबाडी, चुका यांपैकी जे हंगामात स्वस्त असेल ते घ्यावे. पालेभाजी निवडून आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे निघून जातात. फळ रस न काढता चावून खावे.

न्याहारीला पोहे आणि उपमा करायला हरकत नाही, पण त्यात मटार, गाजर किंवा मोड आलेली मटकी पोह्यांच्या निम्म्याने तरी असावी. भाजणीचे थालीपीठ, मुगाचे धिरडे आणि नाचणीची आंबील हे पदार्थ याहून सरस आहेत, कारण पहिल्या दोहोंत डाळ येते आणि नाचणीत इतर तृणधान्यांच्या कित्येक पट कॅल्शियम असते. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी बांगडा, मांदेली यांचे तिखले किंवा कालवण करावे. तळलेली तुकडी अधूनमधून पुरे.

‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीने खरी ठरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि तो तुपात परतून बटाट्याबरोबर खाल्ला जातो. उपवास श्रद्धेने करणाऱ्यांनी वरीचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असे जेवण ठेवले, तर व्रतही राहते आणि शरीरालाही त्रास होत नाही.

जेवणाची वेळ आणि शतपावली

रात्रीचे जेवण झोपेच्या आधी किमान दोन-तीन तास व्हावे. मुंबई-ठाण्याला लोकलने ये-जा करणाऱ्यांना साडेनऊच्या आत घरी पोहोचता येत नाही, हे खरे आहे. अशांनी संध्याकाळी कामाच्या ठिकाणीच चणे-शेंगदाणे, फळ किंवा डब्यातली अर्धी भाकरी-उसळ खावी आणि घरी येऊन मुगाची पातळ खिचडी किंवा ताक-भाजी एवढेच घ्यावे. जेवणानंतरची शतपावली ही केवळ रीत नाही. जेवण होताच दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते, कारण हलणारे स्नायू ती साखर वापरून टाकतात. याखेरीज आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे तरी दम लागेल इतक्या वेगाने चालणे व्हायला हवे, आणि स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा बैठका किंवा वजन उचलण्यासारखा व्यायाम करावा.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी वाढवण्यापूर्वी, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात-पोळी कमी करण्यापूर्वी किंवा उपवास धरण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारावे.

सगळे बदल एकाच महिन्यात करू नयेत. पहिल्या महिन्यात दोन-तीन किलो धान्य कमी करून तेवढीच कडधान्ये वाढवावीत, दुसऱ्या महिन्यात तेल आणि तिसऱ्या महिन्यात साखर-मीठ हाती घ्यावे. पुढची यादी लिहिण्यापूर्वी डबे उघडून काय उरले ते पाहावे आणि यादीच्या समासात टिपून ठेवावे. चवळी तशीच राहिली असेल तर ती कोणाला आवडली नाही हे विचारून तिच्या जागी मसूर घ्यावा, आणि तेल वेळेआधी संपले असेल तर त्या महिन्यात तळण किती वार झाले ते आठवून पाहावे.