जुनी कॅटालिना २२ घ्यावी की जुनी जे/२४?

अमेरिकेत तळ्याकाठी किंवा खाडीकाठी राहणाऱ्या मराठी माणसाला शिडाच्या बोटीचा नाद लागला, की वापरलेल्या बोटींच्या जाहिरातींत ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही १९७० च्या दशकात नावारूपाला आल्या, दोन्ही हजारोंनी बनल्या आणि वय झाल्यामुळे आता आवाक्यात आल्या आहेत. लांबीत फरक जेमतेम अडीच फुटांचा. निवडताना वेग, रंग आणि गाद्या यांच्या आधी कील (बोटीच्या तळाखालचं, तिला सरळ ठेवणारं जड पातं) बघावी, असं माझं ठाम मत आहे.

१. दोन्हींची कील समजून घ्या

कॅटालिना कंपनीचे संस्थापक फ्रँक बटलर यांच्या कॅटालिना २२ च्या बहुतेक बोटींत सुमारे ५५० पौंडांची बिडाची, वरखाली होणारी कील असते. केबिनमधला विंच (तार गुंडाळणारा रहाट) फिरवला की ती तारेने वर येते. वर घेतल्यावर बोटीला दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडल्यावर पाच फूट लागतं. (अढळ कीलच्या कॅटालिनाही मिळतात, इथे वरखाली होणारीच धरली आहे.)

जे/२४ ची पहिली बोट रॉड जॉनस्टोन यांनी कनेटिकटमधल्या स्टोनिंग्टन इथे घराच्या गॅरेजमध्ये बांधली आणि १९७७ पासून तिचं उत्पादन सुरू झालं. तिची कील शिशाची, सुमारे ९५० पौंडांची आणि कायमची जागेवर. तिला चार फूट पाणी नेहमीच हवं.

२. बोट कुठे राहणार ते आधी ठरवा

कॅटालिना ट्रेलरवरून साध्या उतारावरून पाण्यात जाते. घरच्या अंगणात ठेवा, शनिवारी गाडीला जोडा, निघा. जे/२४ ला बहुधा क्रेन लागते, म्हणजे क्लबचं सभासदत्व किंवा धक्क्यावरची जागा आलीच. धक्क्याची खोली ओहोटीच्या वेळी मोजा. धरणाच्या जलाशयात असाल तर उन्हाळा संपतानाची पातळी विचारा. मे महिन्यात भरपूर वाटणारं पाणी सप्टेंबरात कीलखालून निघून गेलेलं असतं.

३. सोबत नक्की कोण येणार?

हा प्रश्न घरात बसून, खरेपणाने सोडवायचा. जे/२४ शर्यतीत साधारण पाच जण चालवतात आणि या जातीच्या बोटींच्या शर्यत-नियमानुसार सगळ्यांचं मिळून वजन ४०० किलोंच्या आत लागतं. वारा वाढला की माणसं कडेला बसवूनच ती सरळ ठेवावी लागते. दर आठवड्याला चार भरवशाचे साथीदार मिळत असतील तर तिच्यासारखी शाळा नाही. मिळत नसतील तर ती धक्क्यालाच बांधलेली राहील.

कॅटालिना दोघांत आरामात चालते. मुक्कामाला तर तुलनाच नको. जे/२४ च्या केबिनमध्ये वाकूनच वावरावं लागतं. कॅटालिनाच्या अनेक बोटींचं छप्पर नांगर टाकल्यावर वर उचलता येतं आणि उभं राहून चहा करता येतो. कील वर घेऊन उथळ खाडीत, किनाऱ्याच्या अगदी जवळ रात्र काढता येते. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला मी डोळे मिटून हीच सुचवेन.

४. शर्यतीचं गणित

अमेरिकेतल्या क्लबांच्या मिश्र शर्यतींत पीएचआरएफ या, हळू बोटींना वेळेची सवलत देणाऱ्या पद्धतीने दर सागरी मैलामागे काही सेकंदांची सूट मिळते. प्रदेशागणिक आकडा थोडा बदलतो, पण जे/२४ साधारण १७० सेकंदांच्या आसपास आणि कॅटालिना २२ साधारण २७० सेकंदांच्या आसपास असते. म्हणजे पाच मैलांच्या शर्यतीत कॅटालिना आठ मिनिटं मागे राहूनही बरोबरी साधू शकते. पण खरी गंमत एकाच जातीच्या बोटींच्या शर्यतीत आहे, तिथे सवलतीचा हिशेबच नसतो. म्हणून आपल्या पाण्यावर कोणत्या बोटींचा ताफा आहे ते बघा आणि तोच कौल माना. एकट्या जे/२४ पेक्षा आठ कॅटालिनांमधली एक कॅटालिना तुम्हाला लवकर शिकवेल.

५. बोट ठोकून, वाकून, आत शिरून तपासा

इथे घाई नको. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन डेकवर हळूहळू ठोकत जा. टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड पाणी प्यायलं आहे. कठड्याच्या खांबांभोवती आणि डोलकाठीच्या तारा जिथे अडकवतात तिथे जास्त ठोका. जे/२४ च्या डेकमध्येच नाही, तर तळाच्या भिंतींतही बाल्सा लाकडाचा गाभा असतो, त्यामुळे तिथे ओल मुरली की दुरुस्ती बोटीच्या किमतीपलीकडे जाऊ शकते.

जे/२४ मध्ये पुढे कील आणि तळ यांचा सांधा पाहा. पुढच्या टोकाला आडवी भेग दिसली तर कीलचे बोल्ट तपासल्याशिवाय पुढचं बोलू नका. जुन्या बोटींत कीलच्या वरची पोकळी व्हर्मिक्युलाइट हे हलकं, भुसभुशीत खनिज मिसळून भरलेली असे आणि ते पाणी धरून ठेवतं. डोलकाठी ज्या आडव्या तुळईवर टेकते ती आणि मुख्य आडभिंतीचं खालचं टोक बोटाने दाबून पाहा. सगळ्यात जुन्या बोटी वाऱ्यात आडव्या झाल्या की मागच्या कप्प्यांतून पाणी आत शिरायचं. त्या झाकणांना भक्कम कड्या आहेत ना, ते बघाच.

कॅटालिनाचा जीव कीलच्या खिळीत, म्हणजे कील ज्या दांड्यावर फिरते त्यात आहे. बोट ट्रेलरवर असताना कील थोडी सैल सोडून आडवी हलवून पाहा. फार खेळत असेल तर खीळ आणि तिला धरणारे भाग झिजलेत. तार गंजली आहे का, विंचचा अडसर नीट बसतो का, तार जिथून केबिनमध्ये येते तिथली रबरी नळी तडकली आहे का, तेही पाहा. ही नळी फाटली तर पाणी थेट आत येतं. सुदैवाने हे सगळे सुटे भाग आजही विकत मिळतात.

६. शिडं आणि कागद

शर्यत खेळायची असेल तर शिडांचा खर्च आधी काढा. जुन्या जे/२४ साठी नवा संच घेतला तर तो बोटीइतका महाग पडू शकतो. शेवटी बोटीच्या मागे, उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक कागदांशी जुळवा. नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या बोटींवर तो असतोच आणि त्यातून बांधणीचं वर्षही कळतं. ट्रेलरचे कागद वेगळे असतात. ते हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.