गाडीतली दुसरी बॅटरी भरतच नव्हती – माझा अनुभव

आमच्या व्हॅनमध्ये फ्रीज अन् लाईटसाठी दुसरी १२ व्होल्टची बॅटरी आहे, पावसाळ्यात त्र्यंबकला मुक्कामाला गेलो की रात्री दोनलाच फ्रीज बंद. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली, नवी टाका. पण बॅटरी वर्षाचीच होती, मन मानेना.

मग मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घेऊन बसलो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजलं तर १२.२ व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धीच भरलेली (पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या वर पाहिजे). इंजिन चालू करून मेन बॅटरीवर १४.२ अन् दुसरीवर फक्त १३.१! म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ठीक, मधे कुठेतरी व्होल्टेज गळतंय.

आता हे नीट वाचा, कारण खरी गंमत इथेच आहे. मीटरची एक पिन दुसऱ्या बॅटरीच्या मायनसवर अन् दुसरी मेन बॅटरीच्या मायनसवर लावली, चार्जिंग चालू असताना, तर ०.८ व्होल्ट दिसला, एवढा नकोच, ०.१-०.२ च्या आत पाहिजे. म्हणजे दोष मायनसच्या बाजूला. अर्थिंगचा बोल्ट (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा) उघडला तर खाली नुसता गंज अन् रंग. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, नवा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), वर ग्रीस. प्लसची वायरपण बारीक होती, ती जाड टाकली.

आता १४ येतात. एक छोटा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर कायमचा बसवलाय, १२.२ च्या खाली जायला लागलं की फ्रीज बंद करतो. परवा कसारा घाट चढून इगतपुरीला परत आलो, रात्रभर फ्रीज चालला, सकाळी १२.४.