सोमवारी दादर-माटुंग्याला जाऊ नका

मुंबईत कुठे खावं आणि कुठून काय घ्यावं याच्या याद्या पैशाला पासरी आहेत. त्यात नाव असतं, पत्ता असतो, फोटोही असतो. नसतात ते वार आणि वेळ, आणि इथली जुनी दुकानं चालतात ती त्यांवरच. चुकीच्या वारी गेलात तर शटर खाली. चुकीच्या वेळी गेलात तर गल्ल्यावरचा माणूस मान न उचलता म्हणतो, "संपलं."

आधी वाराचं. १९४८ च्या कायद्याने दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं भाग होतं. त्यातून एकेका बाजाराचा सुट्टीचा वार ठरून गेला. २०१७ च्या नव्या कायद्याने आठवडाभर दुकान उघडं ठेवायला परवानगी दिली, फक्त नोकरांना साप्ताहिक सुट्टी द्यायला हवी. तरी जुनी सवय पुरती मोडलेली नाही. दादर पश्चिमेचा बाजार सोमवारी अर्धा झोपलेला असतो. माटुंग्याचं कॅफे मद्रास आणि रामा नायकांचं उडपी, दोन्हींची सुट्टी सोमवारीच. मंगलदास मार्केटला कापड घ्यायला रविवारी जाऊ नये. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र हे सगळं बासनात गुंडाळलं जातं.

दिवसाची सुरुवात दादरच्या फुलबाजारातून करायची तर पहाटे पाच ते सात या वेळेत. सेनापती बापट मार्गाला लागून असलेला हा बाजार मुळात घाऊक. झेंडू, शेवंती किलोवर, गुलाब-जरबेरा जुडीवर. पाच वाजता जाऊन "पाव किलो द्या" म्हटलंत तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही. कमी फुलं हवी असतील तर आठनंतर जा, किरकोळवाले बसलेले असतात. झेंडू घेताना पाकळ्या बघू नका, त्या पाण्याच्या फवाऱ्याने दिवसभर टवटवीत दिसतात. फुलाच्या बुडाची हिरवी वाटी चिमटीत दाबा. घट्ट असेल तर फूल आजचं, मऊ किंवा काळपट लागली तर कालचं. मूठभर फुलं उचलून एकदा झटका. हात ओला झाला तर तुम्ही पाण्याचेही पैसे देताय, शिवाय ही फुलं संध्याकाळपर्यंत काळी पडतात. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा आणि ओलसर सुती कपड्यात सैल गुंडाळून ठेवा.

तिथून माटुंगा. इथे एक घोटाळा नेहमी होतो: मध्य रेल्वेवरचं माटुंगा आणि पश्चिम रेल्वेवरचं माटुंगा रोड ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. खाण्याचं माटुंगा म्हणजे मध्य रेल्वेचं, पूर्वेला. माटुंगा रोडला उतरलात तर झेड ब्रिजवरून पलीकडे जायचं, तेवढी भूक वाढते.

भल्या सकाळी राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा, उपमा आणि फिल्टर कॉफी. कॅफे मद्रास किंग्ज सर्कलला, १९४० पासूनचं. रविवारी नऊनंतर बाहेर गर्दी जमते, तेव्हा एक तर आठच्या आत जा किंवा मधल्या वारी. तिथे साधा मसाला डोसा मागवणं म्हणजे आमच्या मते फेरी फुकट घालवणं, तो कुठेही मिळतो. रसम वडा, पोडी (डाळी-मिरचीची कोरडी चटणी) घातलेली बटर इडली आणि नाचणीचा डोसा, हे तीन घ्या. दोघं असाल तर एकेक पदार्थ मागवून वाटून खा. सगळं एकदम मागवलं की टेबल भरतं आणि डोसा गार होऊन चामट होतो. जेवायचं असेल तर स्टेशनबाहेरच पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं, केळीच्या पानावर वाढतात. साडेबाराच्या आत पोचलं की वाट पाहावी लागत नाही. रसम आधी वाटीतून पिऊन बघा, मग भातावर घ्या, आणि पहिल्याच फेरीला भाताचा डोंगर करू नका. दहीभातासाठी जागा राहिली नाही तर जेवण अर्धवट राहिलं असं समजा.

माटुंग्यातून रिकाम्या हाताने परतू नये. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानात कॉफीच्या बिया भाजून, समोर दळून मिळतात. दुकानदार दोन गोष्टी विचारतो: चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) किती आणि दळण कसं. घरात दूध जास्त घालून पिणारे असतील तर शंभरात वीस ते तीस भाग चिकोरी चालते. त्याहून जास्त घेतली तर रंग गडद येतो, पण चव कडवट आणि सपाट होते. काळी कॉफी पिणाऱ्यांनी बिनचिकोरीची घ्यावी. दळण "फिल्टरसाठी" असं स्पष्ट सांगा. पूड फार बारीक झाली तर फिल्टरची भोकं बुजतात आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, तासभर ठिबकत बसतं. फार जाड झाली तर पाणी पाच मिनिटांत खाली, रंग चहासारखा. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड, वरून चकती हलकेच ठेवायची, दाबायची नाही, आणि उकळी बसलेलं शंभर मिली पाणी गोल फिरवत ओतायचं. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन तयार व्हायला हवं. एक भाग डिकॉक्शनला तीन भाग गरम दूध. दूध तापवताना डिकॉक्शन त्यात घालून उकळू नका, तिथेच वास उडतो. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त पूड घेऊ नये. तीन आठवड्यांनी ती फक्त तपकिरी भुकटी उरते.

दादरची खाण्याची ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत, तेव्हा फक्त काय मागवायचं ते. आस्वादमध्ये मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी. शिवाजी पार्कच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. वडा गार झाला की आतला साबुदाणा चिकट होतो, म्हणून आधी वडा संपवा आणि पियूष शेवटी घ्या, ते गोडाच्या जागी. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसण्याची ही जागा नाही, बाहेर लोक तुमच्या ताटाकडे बघत उभे असतात. मिसळ म्हटली की गिरगावकर विनय हेल्थ होमचं नाव घेतल्याशिवाय राहणार नाहीत. त्या वादात आम्ही पडत नाही, पण तर्रीवाली झणझणीत मिसळ हवी असेल तर दोन्हीकडे निराशा होईल. ही मुंबईची मिसळ आहे, कोल्हापूरची नव्हे.

वडापावसाठी दुकानाचं नाव दुय्यम आहे, घाणा महत्त्वाचा. छबिलदासच्या गल्लीतला श्रीकृष्णचा वडा असो की कीर्ती कॉलेजजवळच्या अशोकचा चुरा घातलेला वडापाव, परातीत वडे पडलेले दिसले तर दोन मिनिटं थांबा आणि पुढच्या घाण्यातला मागा. कढईतून निघालेल्या वड्याचं आवरण कुरकुरीत असतं. परातीत एकावर एक रचले की वाफेने ते दहा मिनिटांत मऊ पडतं. चुरा म्हणजे तळताना कढईत सुटलेले बेसनाचे कण. ते सोनेरी असायला हवेत. काळे दिसले तर तेल जुनं झालंय, तिथून चालू लागा.

मराठी पुस्तकांसाठी छबिलदासजवळचं आयडियल पुस्तक त्रिवेणी आणि शिवाजी मंदिरजवळचं मॅजेस्टिक. नाव, लेखक आणि प्रकाशक कागदावर लिहून न्या, काउंटरवरचा माणूस प्रकाशकावरून कपाट शोधतो. संध्याकाळी सहा ते आठ टाळा. फोर्टातलं किताबखाना २०११ चं, तिथे मराठीचं वेगळं दालन आहे आणि बसून चाळता येतं. दादरला ती चैन नाही.

आता मासे. दादरचं गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य, किंवा फोर्ट-परळचं जयहिंद, कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न "आज ताजं काय?" हाच असावा, मेनूकार्ड नंतर. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मुंबईकरांचे मासे खायचे वार, त्या दिवशी गर्दी. सोमवारी आणि गुरुवारी जागा सहज मिळते, पण खप कमी म्हणून पदार्थही कमी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत ताटात येणारं पापलेट-सुरमई बहुधा बर्फातलं. ते ओळखायला सोपं: तुकडा काट्यापासून पापुद्र्यापापुद्र्याने, ओलसर सुटायला हवा. भुसभुशीत, कोरडा तुटला तर माल गोठवलेला. या दिवसांत सुकं मागवावं, जवळ्याची चटणी किंवा सुक्या बोंबलाचं कालवण. पावसात ते जास्त लागतंही छान. बोंबील मात्र ताजाच हवा. वजनाखाली दाबून पाणी काढलेला, रव्यात घोळून तळलेला, बाहेर कडक आणि आत मऊ. ताटात आल्यावर त्याला पाणी सुटलं तर दाबायचा आळस झालाय.

फोर्टाकडे असाल तर बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. १९२३ चं हे इराणी उपाहारगृह बहुतेक दिवशी दुपारच्या जेवणापुरतंच उघडतं, तरी संध्याकाळी जाऊन दारावर टकटक करणारे असतातच. बेरी पुलावातली बारीक, आंबट लाल फळं म्हणजे इराणचं झरिष्क, ती भाताबरोबर खायची, वेचून बाजूला काढायची नाहीत. धोबी तलावच्या कयानी या इराणी कॅफेत, १९०४ पासूनच्या, ब्रून आणि बन यांत गोंधळ करू नका: ब्रून कडक, चहात बुडवायचा, बन मऊ आणि गोडसर, मस्का लावून तसाच. चर्चगेटच्या के. रुस्तमकडे आइस्क्रीमची वडी दोन वेफरच्या मध्ये देतात. कडेने फिरवत खायचं, फोटो काढत बसलात तर वेफर भिजून मनगटापर्यंत ओघळ येतो.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवायचा तो लालबागच्या मसाला गल्लीसाठी, आणि तेही मार्च ते मेच्या मध्यापर्यंत. करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरा. एप्रिल-मेचे रविवार टाळा, डंकापुढे (मसाला कुटायच्या यंत्रापुढे) दोन-दोन तास नंबर लागत नाही. मधल्या वारी सकाळी दुकान उघडताच पोचलात तर दुपारी मसाला हातात.

आधी मिरची. ब्याडगी रंगासाठी, ती लांब आणि सुरकुतलेली. संकेश्वरी तिखटपणासाठी. लवंगी थोडीच, झोंबायला. एक मिरची मोडून पाहा: कडकन तुटली तर वाळलेली, वाकली तर ओल आहे आणि मसाल्याला बुरशी येणार. मोडलेल्या मिरचीच्या आत पांढरट जाळं दिसलं तर पुढच्या दुकानात. वजन करण्याआधी देठ काढलेली की देठासकट ते विचारा. देठाची मिरची स्वस्त वाटते, पण देठ काढल्यावर वजन घटतं आणि मसाल्याचं प्रमाण चुकतं.

देठ काढलेल्या एक किलो मिरचीचं (ब्याडगी ६०० ग्रॅम, संकेश्वरी ३००, लवंगी १००) मालवणी पद्धतीचं प्रमाण असं: धणे अर्धा किलो, बडीशेप, खसखस आणि हळकुंड प्रत्येकी १०० ग्रॅम, जिरं आणि दगडफूल प्रत्येकी ५०, मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलची प्रत्येकी ४०, चक्रीफूल, नागकेशर आणि जायपत्री प्रत्येकी २०, जायफळं दोन. हातात मावेल तेवढा खडा हिंग, तो कुटायचा नाही. दुकानदार "थोडं वाढवून देतो" म्हणाला तर लवंग आणि चक्रीफुलाला नाही म्हणा. ही दोन जास्त झाली की वर्षभर प्रत्येक आमटीला काढ्याची चव येते.

भाजणी तिथेच होते, पण उभं राहून बघा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला गेला पाहिजे. खसखस आणि जिरं सगळ्यात लवकर करपतात, ती शेवटी, मंद आचेवर. हळकुंड थोड्या तेलात फुगेपर्यंत. मिरची फक्त गरम करायची, रंग बदलता कामा नये. डंकावर तुमचा नंबर आला की आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळीत उरलाय का ते पाहा आणि झाडून घ्यायला सांगा. त्यांचा कांदा-लसूण मसाला असेल तर तुमच्या डब्यात ओल शिरली म्हणून समजा. चाळून आलेलं जाड भरड परत कुटायला लावा, टाकू देऊ नका, सगळ्यात जास्त चव त्यात असते.

कुटलेला मसाला गरम असतो. तो तिथल्याच पिशवीत गाठ मारून ठेवला तर आतून पाणी सुटतं, म्हणून पिशवीचं तोंड उघडं ठेवून घरी न्या. लोकलमध्ये शेजारचे शिंकतील, त्याला इलाज नाही. रात्रभर कागदावर पसरून, सकाळी पूर्ण गार झाला की कोरड्या बरणीत दाबून भरा, मधे आणि वर हिंगाचे खडे. रोजच्या वापरासाठी छोटा डबा वेगळा काढा, म्हणजे मोठ्या बरणीत ओला चमचा जाणार नाही.