पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये शिरून सॉर्टिंग कसं बदलायचं?

क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ आला आणि इंडेक्सवरून क्रम मिळत नसेल, की पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस बहुतेक वेळा क्विकसॉर्ट हा सॉर्टिंगचा अल्गोरिदम चालवतो. बेंटली आणि मॅकइलरॉय यांच्या 1993 च्या रचनेवर तो बेतलेला आहे. कोड स्वच्छ, टिपणं भरपूर. डेटाबेसच्या आतल्या कोडला पहिल्यांदा हात लावायचा असेल तर मी हीच जागा सुचवेन. खालची माहिती लिनक्स आणि आवृत्ती 17 ची आहे.

जीसीसी, मेक, बायसन, फ्लेक्स, पर्ल आणि रीडलाइन, झेडलिब, आयसीयू यांची डेव्ह पॅकेजेस टाकून गिटवरून सोर्स घ्या. ‘कॉन्फिगर’ या बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) म्हणून होम डिरेक्टरीतलाच एक फोल्डर द्या, म्हणजे आधीच्या पोस्टग्रेसला धक्का लागत नाही. सोबत एनेबल-डीबग, एनेबल-कॅसर्ट (कोडमधल्या जादा तपासण्या), एनेबल-डिपेंड हे पर्याय आणि सीफ्लॅग्जमध्ये ‘-ओ0 -जी3’ (ऑप्टिमायझेशन बंद, डीबगची पूर्ण माहिती) द्या. यातला एनेबल-डिपेंड विसरू नका! आपण हेडर फाइल बदलणार आहोत, आणि हा पर्याय नसेल तर तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइल्स मेक पुन्हा कंपाइल करत नाही. जुनाच कोड चालतो आणि आपण नसलेला बग शोधत बसतो.

मेक, मेक इन्स्टॉल, मग नवा डेटाबेस तयार करणारं इनिटडीबी. इनिटडीबी रूट म्हणून चालत नाही, साध्या युजरनेच करा. 5432 पोर्ट अडकलेला असेल तर 5433 वर सर्व्हर सुरू करा.

आता पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन क्लायंटमध्ये एका इंटिजर कॉलमचं टेबल करून त्यात रँडम 10 लाख आकडे भरा. वर्क_मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) 256 एमबी करा. मूळच्या 4 एमबीत एवढा डेटा मावत नाही आणि डिस्कवरचा ‘एक्स्टर्नल मर्ज’ सुरू होतो. मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर शून्य करा, नाहीतर सॉर्टचा काही भाग दुसऱ्या प्रोसेसमध्ये होऊ शकतो आणि आपल्या ब्रेकपॉइंटवर (कोड थांबवण्याच्या जागेवर) तो दिसणार नाही. ‘लिमिट’ही टाळा, कारण त्याने ‘टॉप-एन हीपसॉर्ट’ निवडला जाऊ शकतो. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये ‘सॉर्ट मेथड: क्विकसॉर्ट’ दिसलं की पुढे चला.

आपलं कनेक्शन सांभाळणारी सर्व्हरची प्रोसेस म्हणजे बॅकएंड. पीजी_बॅकएंड_पीआयडी() ने आलेला तिचा आकडा घेऊन दुसऱ्या टर्मिनलवर ‘जीडीबी -पी’ने जीडीबी हा डीबगर त्या प्रोसेसला जोडा, उबुंटूवर सहसा सुडो लागतं. ‘क्यूसॉर्ट_टपल_इंट32’वर ब्रेकपॉइंट लावा, ‘कंटिन्यू’ म्हणा आणि क्वेरी सोडा. थांबल्यावर ‘प्रिंट एन’ (घटकांची संख्या) करा, 1000000 दिसेल. ‘बीटी’त (फंक्शन्सच्या कॉलच्या साखळीत) टपलसॉर्ट_परफॉर्मसॉर्ट आणि एक्झेकसॉर्टही दिसतील. पुढे एकेक ओळ चालवली की आधी डेटा क्रमातच आहे का हे तपासणारा लूप लागतो. तसा असेल तर फंक्शन तिथूनच परततं, म्हणून आकडे रँडम हवेत.

खरा अल्गोरिदम ‘सॉर्ट_टेम्पलेट.एच’मध्ये आहे, ‘टपलसॉर्ट.सी’ तो उचलतो. 7 पेक्षा कमी घटक उरले की इन्सर्शन सॉर्ट, 40 च्या वर पिव्हट (ज्याच्या दोन्ही बाजूंना डेटा विभागतो तो घटक) निवडायला जास्त नमुने. पहिला बदल म्हणून ‘एन < 7’मधला 7 काढून 16 करा. पुन्हा मेक, इन्स्टॉल, रीस्टार्ट. बॅकएंड नवा असल्याने वरच्या सेटिंग्ज पुन्हा द्या, जीडीबी पुन्हा जोडा आणि नवी अट खरंच लागते आहे हे डोळ्यांनी बघा.

नंतर ‘मेक चेक’ ही पोस्टग्रेसची स्वतःची चाचणी चालवा. हा सॉर्ट स्थिर नसल्याने सारख्या किमतींच्या ओळी मागेपुढे होऊ शकतात. तेवढाच फरक असेल तर घाबरू नका, आकड्यांचा क्रमच चुकला तर मात्र बदल मागे घ्या.

वेळ मात्र या बिल्डवर मोजू नका. -ओ0 आणि कॅसर्टमुळे आकडे फसवे येतात. मूळ आणि बदललेला कोड -ओ2 ने, कॅसर्टशिवाय, दोन वेगळ्या प्रीफिक्समध्ये बांधा आणि रँडम, आधीच क्रमात असलेला आणि पुष्कळ पुनरावृत्ती असलेला अशा तिन्ही प्रकारच्या डेटावर पुन्हापुन्हा मोजा.