स्कूटरला कोणता एअर फिल्टर बसवावा?

रोजच्या वापराची स्कूटर असेल तर कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढू नका, हे आमचं स्पष्ट मत. तो डबा नुसता धूळ-पाणी अडवत नाही; त्याच्या तोंडातून जेवढी हवा येते त्या हिशोबानेच कार्ब्युरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग, ठरवलेला असतो. डबा ठेवून आतला फिल्टर तेवढा चांगला निवडा.

कोरड्या कागदाचा फिल्टर हलकी हवा मारून साफ होतो, पण आतून बाहेर. हाताला चिकट लागणारा, तेलात भिजवलेला कागद मात्र धुऊ नका आणि त्यावर हवाही मारू नका. तो बदलायचाच असतो. धुळीच्या रस्त्यांसाठी फोम उत्तम, कारण तो पुन्हा पुन्हा धुता येतो. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, फाटतो. पूर्ण वाळला की फोम फिल्टरचं तेल सगळीकडे मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा. कोरडा फोम बारीक धूळ आत सोडतो, तेल निथळणारा फोम हवा अडवतो.

डबा काढून थेट कार्ब्युरेटरवर बसणारा उघडा कोन फिल्टर लावायचाच असेल, तर:

१. कार्ब्युरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. सैल फिल्टर क्लॅम्प आवळून बसवला तरी हवा चोरतो.

२. डब्याला जोडलेली ब्रीदर नळी (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) उघडी सोडू नका, तिला छोटा फिल्टर लावा.

३. हवा वाढते, म्हणून मेन जेट (पूर्ण रेसला पेट्रोल देणारा) मोठा लागतो. आधी गरजेपेक्षा मोठा घाला, मग एकेक नंबर खाली या. उलट केलंत तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच जाम होतो.

४. मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर पूर्ण रेस देऊन चालवा, तशाच रेसवर इंजिन बंद करून थांबा. स्पार्क प्लग थंड झाल्यावर काढून बघा: फिकट तपकिरी म्हणजे बरोबर, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा काजळीचा म्हणजे जास्त.

फ्युएल इंजेक्शनच्या स्कूटरमध्ये जेटच नसतो आणि ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) ठरावीक मर्यादेतच पेट्रोल वाढवतो, म्हणून तिथे मूळ फिल्टरच ठेवा.

बऱ्याच स्कूटरच्या बेल्ट कव्हरमध्ये (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या बेल्टच्या झाकणात) वेगळा छोटा फोम असतो. तो बेल्ट थंड करणाऱ्या हवेसाठी आहे. तो धुऊन कोरडाच बसवा, कारण तेल आत गेलं की बेल्ट घसरतो.