सिन्यू म्हणजे स्नायू नव्हे

अनुवादाची कामं घ्यायला लागले तेव्हा सुरुवातीलाच एक म्हातारा शेतकरी भेटला. कादंबरीतला. त्याचे हात इंग्रजीत 'सिन्यूई' (sinewy) होते. मी कोश उघडला, 'स्नायू' दिसलं आणि 'स्नायुमय हात' लिहून मोकळी झाले. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं: 'आजोबा व्यायामशाळेत जातात का?'

सिन्यू म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. वैद्यकात तिला कंडरा म्हणतात, बोलताना आपण तिलाही शीरच म्हणून टाकतो. मूठ आवळा, मनगट जरा आत वळवा. मधोमध ताठ दोर वर येतात, ते हेच. त्या म्हाताऱ्याच्या हातांवर मांस फारसं नव्हतंच, दोर तेवढे दिसत होते. शेवटी 'काटक, शिरा तटतटलेले हात' गेलं.

माझ्या चुकीला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे, असं मी मनाचं समाधान करून घेते. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू, ५०० पेशी आणि १६ कंडरा मोजल्या आहेत. तिथे मांसाचा गोळा म्हणजे पेशी, आणि सांधे बांधून ठेवतो तो स्नायू. पुढे मराठीत स्नायू मांसाकडे सरकला, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. कोशात जुना अर्थ आणि आजचा वापर शेजारी शेजारी बसलेले असतात, नवखा माणूस फसतो.

सिन्यूला बळ असाही अर्थ आहे, तो या दोरीच्या चिवटपणातूनच आला. पण दर वेळी बळ शोधायला जाऊ नका. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या कपड्यांबद्दल वाचताना सिन्यू आला तर तो सरळ शिवायचा दोरा असतो, कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कंडरेचा. ओला झाला की फुगतो, टाक्यांची भोकं बुजतात आणि पाणी आत शिरत नाही. इथे 'कंडरेचा दोरा' एवढंच लिहावं. मांसाच्या तुकड्याबद्दल असेल तर 'चिवट', विषय संपला.

अनेकवचन आणि पुढे 'ऑफ' दिसलं की मात्र थांबा. 'सिन्यूज ऑफ वॉर' म्हणजे युद्धाला लागणारा पैसा. रोमन वक्ता सिसरोने इसवी सनपूर्व ४३ मध्ये अमाप पैशाला युद्धाच्या 'नर्व्ही' म्हटलं होतं. लॅटिनमधल्या या शब्दाचा जुना अर्थ कंडरा. इंग्रजीतला 'नर्व्ह' त्याच्याच घरचा. 'युद्धाचे स्नायू' लिहिलंत तर वाचक पैशापर्यंत पोचणारच नाही. मी 'द्रव्यबळ' लिहिते, वाक्य हलकं असेल तर 'लढाई पैशावर चालते'.

अजून अडतं ते 'सिन्यूई' गद्यापाशी. 'पिळदार' लिहिलं की पैलवान उभा राहतो, 'काटक' म्हटलं तर पुन्हा तोच म्हातारा. सध्या 'ठाशीव'वर भागवते, पण मन भरत नाही.